कारखाना खरा, पण प्रमाणपत्रावर ‘ट्रेडिंग’

वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत दोघे भाऊ पत्र्याची इलेक्ट्रिक पॅनेलं बनवतात. थोरल्यांनी लिहिलंय: केंद्र सरकारच्या एका कार्यालयाच्या बिडमध्ये, म्हणजे निविदेत, लघुउद्योग म्हणून ईएमडीची (बिडसोबत भरायच्या अनामत रकमेची) सूट मागितली, १ लाख ८० हजार भरले नाहीत, आणि बिड तांत्रिक छाननीतच बाद झाली. कारण, उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे केंद्राच्या पोर्टलवरची लघुउद्योगाची नोंदणी, व्यापाऱ्याचं आहे. त्यांनी लगेच पोर्टलवर दुरुस्ती केली. आता विचारतात, नवं प्रमाणपत्र घेऊन हायकोर्टात जाता येईल का? असं पत्र मला पहिल्यांदा आलेलं नाही.

शेडचे फोटो, प्रेस ब्रेकचं (पत्रा वाकवायच्या यंत्राचं) बिल, वीजबिलं, सगळं तुम्ही पाठवलंत. तुम्ही उत्पादक आहात याबद्दल मला शंका नाही. पण अडलंय ते तिथे नाही. बिड बंद झाली त्या तारखेला प्रमाणपत्रावर काय होतं, एवढाच प्रश्न आहे.

तुमचं जुनं प्रमाणपत्र मी उघडून पाहिलं. ‘मेजर ॲक्टिव्हिटी’समोर ट्रेडिंग. खाली एनआयसी कोडची, म्हणजे धंद्याचा प्रकार सांगणाऱ्या सरकारी क्रमांकाची, एकच ओळ, तीही ४६ ने सुरू होणारी. ४६ म्हणजे घाऊक व्यापार. विद्युत उपकरणांचं उत्पादन २७ मध्ये येतं, पत्र्याचं फॅब्रिकेशन २५ मध्ये. व्यापाऱ्यांना २ जुलै २०२१ पासून उद्यममध्ये घेतलं ते फक्त बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरतं. ईएमडीची सूट किंवा एल-वनपेक्षा (सगळ्यात कमी भाव देणाऱ्यापेक्षा) १५ टक्क्यांपर्यंत चढा भाव असला तरी एल-वनच्या भावात माल देण्याची संधी, हे सगळं केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणातलं आहे, आणि ते स्वतः माल बनवणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी आहे. नोंदणी फुकट आहे, घरी बसून होते. तरी एजंटाला पैसे दिलेत आणि २०२२ पासून ते पान एकदाही नीट वाचलं नाहीत. याचा मला खरंच राग येतो. दोन मिनिटांचं काम होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुरुस्तीनंतरही प्रमाणपत्रावर नोंदणीची तारीख मूळचीच, २०२२ ची, छापून येते. एजंट म्हणतो, बिड बाद केल्याविरुद्धच्या निवेदनाला हेच जोडा, कोणाच्या लक्षात येणार नाही. अजिबात करू नका. बिडसोबत तुम्हीच चढवलेलं जुनं पान त्या कार्यालयाकडे आहे. दिशाभूल करून सवलत मागणं म्हणजे सामान्य वित्तीय नियम २०१७ मधल्या सचोटीच्या संहितेचा भंग, आणि नियम १५१ खाली दोन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. आज एक बिड गेलीय, मग दोन वर्षं जातील.

हायकोर्टाचं म्हणाल, तर टेंडरच्या निर्णयात बदहेतू किंवा उघड मनमानी असेल आणि लोकहिताला बाधा येत असेल, तरच कोर्ट हात घालतं. जगदीश मंडल खटल्यात डिसेंबर २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलंय. इथे अधिकाऱ्यानं तुमचाच कागद वाचला. त्याच बिडमध्ये दुसऱ्या एखाद्या व्यापारी नोंदणीवाल्याला सूट दिली असेल तर कदाचित बोलता येईल, पण तेही वर्क ऑर्डर निघायच्या आत. अहमदाबादला हायकोर्टात तारखा पडत राहतात आणि तोवर माल पोचलेला असतो. बिड बाद झाल्यावर दाद मागायची सोय टेंडरमध्ये असते, तिची मुदत फार थोडी असते. तुम्ही मला अकराव्या दिवशी लिहिलंत.

पुढच्या बिडला नवं प्रमाणपत्र चालायला हरकत दिसत नाही. मात्र मागितलेला माल आणि तुमचा कोड जुळतो का, ते बिड भरायच्या आधी पाहा. जरा जरी शंका असली तर ईएमडी भरून टाका. काम मिळालं नाही तर ती परत येते. पॅनेल बसवण्यासकट सगळं एकत्र मागून टेंडर ‘वर्क्स’ (उभारणीचं काम) म्हणून काढलं असेल, तर सवलत धरून चालू नका. धोरण माल आणि सेवांपुरतं आहे. गुजरात सरकारच्या खात्यांना केंद्राचं हे धोरण आपोआप लागू होत नाही, तिथे त्या टेंडरच्याच अटी वाचाव्या लागतील.

एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहून सोडून दिलीत: धाकट्यांची वेगळ्या पॅनवर फर्म आहे. मग पॅनेलं बनतात कोणाच्या नावानं? उद्यम नोंदणी पॅनला जोडलेली असते. शेडचं वीजबिल आणि पत्र्याच्या खरेदीची बिलं एका फर्मची, आणि बिड दुसरीची, असं असेल तर कोड बदलूनही तुम्ही पुन्हा तिथेच अडकाल. दोन्ही फर्मची बिलं समोरासमोर ठेवून बघा आणि पुढची बिड भरायच्या आत मला लिहा.