उद्या तू गेला नाहीस तर कुणाचं अडेल?

मूळचे मिरजेचे, १५ वर्षं न्यू जर्सीत असलेले एक वाचक लिहितात: "मी ४१ वर्षांचा आहे. नोकरी, घर, दोन मुलं, सगळं आहे. पण सकाळी लॅपटॉप उघडताना वाटतं, हे कशासाठी? इकिगाईची वर्तुळं तीनदा भरली, मधली जागा कोरीच राहते. नोकरी सोडून सांगलीला यावं, समाजासाठी काहीतरी करावं असं वाटतं. बायको म्हणते, वेड लागलंय. शिवाय मुलं मराठीत उत्तर देत नाहीत, आई इकडे यायला तयार नाही, आणि भावाने शेतीसाठी मुखत्यारपत्र मागितलंय."

माझ्या थोरल्याच्या वयाचा आहेस, म्हणून अरेतुरे करते. विचारलंस चार गोष्टींबद्दल, पण मी पहिलीवरच ठाण मांडणार. आपल्यावाचून कुणाचं अडतं ते आधी बघायचं, हा माझा हट्ट नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. लीड्समधली माझी लेक तर म्हणते, "आई, पुन्हा ते अडणं?" हो, पुन्हा.

आधी ती वर्तुळं. इकिगाई म्हणजे जपानीत जगण्याचं कारण. आवडतं काय, जमतं काय, जगाला हवं काय आणि पैसे कशाचे मिळतात, अशी चार वर्तुळं एकमेकांत काढायची आणि मधल्या जागेत ते कारण शोधायचं. ते चित्र मुळात जपानी नाहीच. एका स्पॅनिश माणसाने ते 'उद्देश' म्हणून काढलं होतं. २०१४ मध्ये एका ब्लॉगवाल्याने मधोमध इकिगाई हा शब्द घातला आणि ते जगभर फिरलं. जपान्यांची इकिगाई नातवंडांत असते, कुंडीतल्या झाडात असते. तिचा पगाराशी मेळ बसलाच पाहिजे असं काही नाही. तेव्हा मधली जागा कोरी राहिली म्हणून स्वतःला नापास करू नकोस.

माझे आण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे अडते. त्यांना आयुष्याचा उद्देश विचारला असता तर म्हणाले असते, "थांब, आधी हिशोबाची पट्टी लिहू दे." एकदा ऐन हंगामात ते टायफॉइडने पडले. तिसऱ्या दिवशी जतकडचा एक शेतकरी थेट खाटेपाशी आला. "आण्णा, तुमच्याबिगर सौदा करायचा कसा?" आण्णा उठून बसले. तापातही चेहरा असा खुलला की आईने कपाळावर हात मारला.

आणि तू लिहितोस 'समाजासाठी काहीतरी'. समाज म्हणजे कोण रे? एक नाव सांग.

रागावू नकोस, हे सगळं आमच्या घरात होऊन गेलंय. ग्रीन कार्ड हातात येतं, घराचे हप्ते मार्गी लागतात, आणि मग आपल्याला आतलं रिकामपण दिसायला लागतं. आमचे हे ४६व्या वर्षी डेट्रॉईटची नोकरी सोडून आले. विश्रामबागेत गाळा घेतला, १२ कॉम्प्युटर मांडले, मोफत वर्गाची पाटी लावली. सहा महिने चिटपाखरू फिरकलं नाही. मी बोलले, ते चिडले, पंधरा दिवस अबोला. मग आमच्या कामवाल्या मावशी मुलीच्या स्कॉलरशिपचा फॉर्म घेऊन आल्या. तो भरून दिला. दुसऱ्या दिवशी मावशींची जाऊ आली. आता सकाळी दहाला हे जागेवर नसले तर दाराबाहेर कुरकुर सुरू होते. अकरा कॉम्प्युटर अजून चादरीखाली आहेत.

कर्मवीर भाऊराव पाटील किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले होते. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. वसतिगृहातलं धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र काढून दिलं. पोरं जेवायची होती, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे होता.

राजीनामा मात्र लगेच देऊ नकोस. हरिपूरला हळदीची पेवं असत, जमिनीच्या पोटात. पेव उघडलं की आण्णा कुणाला लगेच आत उतरू देत नसत. आतल्या कोंदट हवेत माणूस गुदमरायचा. तोंड उघडं ठेवायचं आणि थांबायचं. तुझ्या १५ वर्षांवरचं झाकण आत्ता कुठे निघालंय.

सहा महिने नोकरी सांभाळून एक कर. दर शनिवारी, ठरल्या वेळी, कुणा एकाचं एकच काम. मिरजेतल्या एखाद्या पोराला व्हिडिओ कॉलवर गणित शिकव, नाहीतर तिथल्या मराठी शाळेत वर्ग घे. मग एका शनिवारी मुद्दाम दांडी मार. "दादा, आज का नाही आलात?" असा फोन आला तर त्या कामाला धरून राहा. नाही आला तर काम बदल. आणि बायकोवर रुसू नकोस. तिचं तुझ्यावाचून अडतं म्हणूनच ती घाबरली आहे. यादीतलं पहिलं नाव तिचं लिही.

बाकीचं थोडक्यात. मुलं इंग्रजीत उत्तर देतात? देऊ देत, तू मराठीतच बोलत राहा. आजीशी फोनवर मात्र त्यांनाच बोलायला लाव. आईला ओढून नेऊ नकोस, तिच्यावाचून तिथे चार घरांत अडतं. मुखत्यारपत्र सरसकट देऊ नकोस, त्या एका कामापुरतंच दे, वकिलाला दाखवून, आणि सही करण्याआधी सातबारा स्वतः ऑनलाइन उघडून बघ.