आवडलं, पण नेमकं काय?

एकमेकांना संगीत सुचवायच्या आपल्या गटात नवा आहेस म्हणून आधीच सांगतो, "अप्रतिम अल्बम, नक्की ऐका" एवढ्यावर थांबू नकोस. त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही. नेमकी जागा सांग.

'कॉल ऑफ द व्हॅली' हा अल्बमच घे. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मिरातल्या मेंढपाळाचा एक दिवस रागांमधून उलगडतो: सकाळी अहिरभैरव, शेवटी पहाडी. हे कळलं की शफल बंद करून क्रमानेच ऐकावंसं वाटतं. शिफारस करताना तेही सांगायला हवं. शिवाय ही मूळची एलपी, म्हणजे दोन बाजूंची ग्रामोफोन तबकडी. एका बाजूला साधारण 20-25 मिनिटंच मावायची, म्हणून राग आटोपशीर आहेत. त्यात मैफलीतला तासाभराचा विस्तार शोधायचा आणि मग "उथळ आहे" म्हणायचं, हा मला अन्याय वाटतो.

कशावर ऐकलंस तेही सांग. ठाणे-वाशी लोकलच्या खडखडाटात साध्या इअरफोनवर तानपुरा हरवतो. तेवढ्यावरून ध्वनिमुद्रणाला नावं ठेवू नकोस, रात्री घरी पुन्हा लाव.

नाही आवडलं तर बिनधास्त बोल, फक्त कलाकारावर घसरू नकोस.

आणि सुचवण्याआधी विचारत जा. गडकरी रंगायतनात नाट्यसंगीत ऐकत आलेल्या काकांना मेटल, म्हणजे दणदणीत रॉक, ऐकवायचंय? ऐकव की! त्यांना तानांची तयारी आवडत असेल, तर वेगवान गिटार सोलो असलेल्या ट्रॅकपासून सुरुवात कर.