हेटरोजीनियस कॉम्प्युटिंगला 'विषम संगणन' म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की हेटरोजीनियस कॉम्प्युटिंगला 'विषम संगणन' म्हटलं तर चालेल का, आणि जीपीयूवाल्यांच्या (जीपीयू म्हणजे मुळात चित्रांसाठी केलेला, एकाच वेळी ढीगभर आकडेमोड करणारा प्रोसेसर) थ्रेड, वार्प या शब्दांचं काय करायचं.

माझं मत, नुसतं 'विषम' नको. विषम म्हटलं की आपल्याला आधी १, ३, ५ आठवतात, जुन्या लोकांना विषमज्वर, आणि 'विषमता' म्हणजे तर सरळ अन्यायच. इथे तसलं काही नाहीये, एकाच कामावर दोन वेगळ्या घडणीचे प्रोसेसर जुंपलेत एवढंच. मग 'मिश्र'? मी काही दिवस वापरून बघितला, पण मिक्स्ड प्रिसिजन नावाची वेगळी भानगड (१६ बिटी आणि ३२ बिटी आकडेमोड एकत्र करायची) त्याच क्षेत्रात आहे, तिला तो शब्द लागतो, मग एकाच परिच्छेदात दोन मिश्र आणि वाचणारा हैराण.

खरं तर शब्द शाळेतच आहे. मीठ-पाणी समांगी मिश्रण, वाळू-पाणी विषमांगी, आठवतंय ना? तोच उचला, 'विषमांगी संगणन'. उलटा शब्द फुकटात मिळतो हा वरचा फायदा. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेचा १९९१चा महासंगणक परम ८००० एकाच जातीच्या ट्रान्सप्युटर चिपा जोडून केलेला, म्हणजे समांगी, आणि २०२०चा परम सिद्धी-एआय विषमांगी, कारण त्याच्या एकेका डब्यात २ सीपीयू (नेहमीचे मुख्य प्रोसेसर) आणि ८ जीपीयू. बोलताना अर्थात कोणी एवढं म्हणत नाही, 'तो लूप जीपीयूवर टाक' म्हणतात आणि ते झकास मराठी आहे.

आता थ्रेड आणि वार्प, इथे खरी मजा. थ्रेड म्हणजे धागा, इथे प्रोग्रॅममधल्या हुकमांची एकामागून एक चालणारी एक ओळ, वार्प म्हणजे एकत्र चालणाऱ्या अशा धाग्यांचा गट, आणि वार्प हा शब्द विणकामातूनच घेतलाय असं जीपीयू बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या कूडा गाईडमध्येच (कूडा म्हणजे त्यांच्या जीपीयूसाठी प्रोग्रॅम लिहायची व्यवस्था) लिहिलंय. मागावरच्या उभ्या धाग्यांना आपल्याकडे ताणा म्हणतात, मग वार्पला ताणा का नको? ३२ धाग्यांचा एक ताणा, आणि सगळ्यांना एका वेळी एकच हुकूम. म्हणून १००० बाय १००० मॅट्रिक्सचा गुणाकार जीपीयूला आवडतो, उत्तराचे १० लाख आकडे, कोणाचं कोणावाचून अडत नाही, प्रत्येक धाग्याने आपला आपला काढावा. पण कोडमध्ये 'इफ' (म्हणजे अट) आला आणि ३२ पैकी १० धागे एका वाटेने, २२ दुसऱ्या वाटेने गेले की दोन्ही वाटा पाठोपाठ चालवाव्या लागतात, तोवर बाकीचे नुसते बसून. याला डायव्हर्जन्स म्हणतात, मी 'ताणा फाटला' म्हणतो, टीममधल्या पोरांना लगेच कळतं.

जीपीयू बनवणारी दुसरी कंपनी एएमडी, तिथले लोक मात्र साधारण त्याच गोष्टीला वेव्हफ्रंट म्हणतात, तिथे लाट आहे, माग नाही, त्यामुळे तिथे ताणा चिकटवू नका, वेव्हफ्रंटच राहू द्या.