इको नॉर्मल आहे, मग पायऱ्या चढताना दम का लागतो?

वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीतल्या मावशी, वय ५४. मधुमेह ९ वर्षांचा, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ८.६. विहिरीपासून घरापर्यंत चाळीसेक जांभ्याच्या पायऱ्या. दोन वर्षांपूर्वी त्या दोन कळशा घेऊन एका दमात चढायच्या. आता एकच कळशी आणि मध्ये दोनदा टेकायचं. घरचे म्हणत, वय झालं. इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, कागद पुढे करून मावशींनी विचारलं, "हार्ट साठ टक्के, बरा आसा म्हणतत. मगे माका दम कित्याक लागता?"

हा प्रश्न पाळी गेलेल्या, मधुमेह असलेल्या कितीतरी बायकांचा आहे, आणि तो अगदी रास्त आहे. साठ टक्के म्हणजे भरलेल्या रक्तापैकी किती बाहेर गेलं, एवढंच. १०० मिली भरलं तर ६० बाहेर, ७० भरलं तर ४२. टक्के दोन्हीकडे साठच. पोहरा नीट बुडलाच नाही, तर रहाट कितीही जोरात ओढला तरी पाणी कमीच येणार. त्यात ताठर हृदय भरून घ्यायला दाब जास्त लागतो. तो दाब मागे फुप्फुसांवर येतो आणि धाप लागते.

त्यांच्या कागदावर खालच्या ओळीत लिहिलेलं होतंच: ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन. म्हणजे हृदय सैल पडायला वेळ घेतंय. पन्नाशी-साठीनंतर ही ओळ अनेकांच्या इकोत असते, तेवढ्यावरून हार्ट फेल्युअर ठरत नाही. पण सोबत धाप असेल तर ती सोडून देऊ नये.

मावशींची जोडवी संध्याकाळी रुतत होती. नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून धरला, तर खळगा उरला. रात्री दम लागू नये म्हणून दोन उशा लागत होत्या.

मग विचारलं, पाळी कधी गेली? "४२ व्या वर्षी पिशवी काढली." इथे पुढचा प्रश्न विचारायलाच हवा: पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले का? बऱ्याच जणींना हे कुणी सांगितलेलंच नसतं. मावशींचं जुनं डिस्चार्ज कार्ड ट्रंकेत सापडलं. दोन्ही काढले होते. म्हणजे इस्ट्रोजेन, बीजांडकोशात तयार होणारं हार्मोन, हळूहळू नव्हे, एकदम गेलं, तेही वेळेआधीच.

इस्ट्रोजेन रक्तवाहिन्यांत नायट्रिक ऑक्साइड तयार व्हायला मदत करतं, त्याने वाहिन्या आणि हृदयाचा स्नायू मऊ राहतात. आकुंचनानंतर पेशीतलं कॅल्शियम परत कोठारात ओढलं गेलं की स्नायू सैल पडतो; त्या कामालाही इस्ट्रोजेनचा हातभार असतो. वरून मधुमेह: साखर स्नायूमधल्या कोलॅजेनला चिकटून धागे एकमेकांत अडकवते आणि स्नायू ताठरतो. हृदय साखरेऐवजी चरबीच जास्त जाळू लागतं, तेवढ्याच कामाला ऑक्सिजन जास्त खातं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या हृदयविकार-अभ्यासात १९७४ सालीच दिसलं होतं की मधुमेहाने हार्ट फेल्युअरचा धोका पुरुषांत दुपटीहून अधिक, तर बायकांत पाचपट होतो.

"मग तेच हार्मोन गोळीतून घेऊ?" हृदयासाठी म्हणून, नाही. २००२ मध्ये अमेरिकेतली इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची मोठी चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. स्तनाचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात वाढताना दिसले. मात्र पंचेचाळिशीआधी बीजांडकोश गेलेल्या बाईने त्याच वेळी स्त्रीरोगतज्ज्ञांना हार्मोनबद्दल जरूर विचारावं. मावशींची ती वेळ निघून गेली होती, याची हळहळ वाटते.

फिजिशियनांनी एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) तपासलं, डाव्या अलिंदाचा, म्हणजे हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याचा, आकार पाहिला, हार्ट फेल्युअरचं निदान पक्कं केलं आणि डापाग्लिफ्लोझिन ही गोळी सुरू केली. गुडघ्यासाठी मावशी दुकानातून डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी आणून खात होत्या. त्याने अंगात मीठ-पाणी साठतं, ती बंद झाली. मीठ दिवसाला सपाट चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम, सगळं धरून. पेजेसोबतचं लोणचं आणि सुका बांगडा यांतच ते संपतं, म्हणून पावसाळ्यातही सुकं आठवड्यातून एकदाच, दोन पाण्यांत भिजवून. बांगडा ताजा मिळाला तर खुशाल खावा.

रोज सकाळी लघवी करून, काही खाण्याआधी वजन घ्यायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर डॉक्टरांना फोन. नव्या गोळीने लघवीतून साखर जाते, म्हणून खाज-बुरशीकडे लक्ष ठेवायचं. उलट्या-जुलाब झाले किंवा हरतालिकेसारखा निर्जळी उपास असला, तर डॉक्टरांना आधी विचारून गोळी थांबवायची, कारण अशा वेळी रक्तातली आम्लं वाढू शकतात, साखर फारशी वाढलेली नसली तरीही.