आजोबा मालक होते की भाडेकरू?

वाचकांचे प्रश्न : घर आणि संस्था

माटुंग्याहून एका वाचकांचं पत्र आहे. "आमची इमारत १९३०च्या दशकातली, तळमजला अधिक दोन मजले. पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत. कागदपत्रं शोधताना आजोबांचं भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) सापडलं. त्यावर पाच भागांची नोंद आहे, पण ब्लॉक त्यांच्या मालकीचा असल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. जुन्या पावत्यांवर तर चक्क 'भाडे' असा शब्द आहे. धाकटा भाऊ म्हणतो, आजोबा भाडेकरूच होते, आपण उगाच मालक म्हणवून घेतो. विकासकाचा माणूस म्हणतो, दोन इमारतींमधली मोकळी जागा वाया गेलेली आहे. खरं काय समजायचं?"

दुसरं पत्र लंडनच्या ईलिंग भागातून, मूळच्या कोल्हापूरच्या एका वाचक भगिनींचं. "आम्ही इथे ब्रेंटम नावाच्या वसाहतीत घर घेतलंय. दारापुढे भिंत नाही, हिरवं कुंपणच आहे आणि तेच ठेवायचं. खिडक्या बदलायच्या तरी परवानगी लागते. शेजारच्या आजी म्हणाल्या, ही सगळी वसाहत एकेकाळी सोसायटीची होती. आपल्याकडे असते तशी सोसायटी? आणि तीही इंग्लंडात?"

ही दोन पत्रं एकाच आठवड्यात माझ्या टेबलावर आली, आणि मला फार आनंद झाला. माटुंग्याच्या पावतीवरच्या 'भाडे' या शब्दाचं मूळ ईलिंगच्या त्या गल्ल्यांमध्ये आहे. म्हणून दोघांना एकत्रच लिहिते.

आधी माटुंग्याचे वाचक, कारण तुमच्या घरात वाद पेटलाय. तुमचे आजोबा दोन्ही होते. संस्थेचे सभासद म्हणून ते साऱ्या इमारतीचे, बाकीच्या सभासदांच्या बरोबरीनं, मालक होते. आणि आपल्या ब्लॉकपुरते ते त्याच संस्थेचे भाडेकरू होते. यात फसवणूक नाही की कागदात चूक नाही. योजनाच तशी होती. मी सहकार खात्यात लेखापरीक्षक होते. एकतीस वर्षं गृहसंस्थांची दप्तरं तपासली, आणि हा प्रश्न जिन्यात, सभेत, चहाच्या कपावर किती वेळा ऐकला असेल त्याला गणती नाही. आपल्या राज्याच्या १९६१च्या सहकारी संस्था नियमांतही हे दोन प्रकार वेगळे केलेले आहेत. जमीन संस्थेची आणि घर सभासदाचं, तो एक प्रकार. जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेची आणि सभासदाला त्यातली जागा वाटून दिलेली, तो दुसरा. त्याला भाडेकरू सहभागीदारी संस्था म्हणतात. तुमच्या वर्णनावरून तुमची संस्था या दुसऱ्या प्रकारातली दिसते. नोंदणी प्रमाणपत्र आणि उपविधी, म्हणजे संस्थेची नियमावली, काढून वर्गीकरण एकदा डोळ्यांखालून घाला, म्हणजे भावाला दाखवता येईल.

आता हे 'भाडेकरू सहभागीदारी' आलं कुठून? इथे ईलिंगच्या ताई, तुम्ही पुढे या.

१९०१ साली तुमच्या ईलिंगमध्ये बांधकाम कामगारांच्या चळवळीतून 'ईलिंग टेनंट्स' नावाची संस्था उभी राहिली. तुमची ब्रेंटम वसाहत तिचीच. मागे होते हेन्री व्हिव्हियन, पेशानं सुतार, पुढे पार्लमेंटचे सभासद झालेले. एकट्या कामगाराला घर विकत घेणं झेपत नाही, आणि घरमालकाच्या चाळीत पैसा जातो तो परत येत नाही. तेव्हा भाडेकरूंनीच मिळून घरमालक व्हायचं. प्रत्येकानं भाग घ्यायचे, बाहेरच्या गुंतवणूकदाराला लाभांश द्यायचा तो मर्यादित, आणि वर काही शिल्लक राहिली तर ती भाड्याच्या प्रमाणात भाडेकरूच्याच खात्यावर भाग म्हणून जमा करायची. भाडं भरता भरता माणूस भागीदार होत जातो. मला हा हिशेब अजूनही सुंदर वाटतो. आयुष्यभर ताळेबंद पाहिलेल्या बाईला एखादा हिशेब सुंदर वाटू शकतो, यावर विश्वास ठेवा.

ताई, एक करा. एखाद्या रविवारी वुडफील्ड रोडवर जा. तिथली पहिली नऊ घरं १९०१ची. सरळ रेषेत चिकटून उभी, इंग्लंडात त्या काळी गल्लोगल्ली असत तशीच. मग तिथून पुढे वसाहतीत चालत या. रस्ते वळू लागतात, घरं मागे सरकतात, पुढे हिरवं कुंपण येतं. हा फरक १९०७ पासूनचा. तेव्हा रेमंड अनविन आणि बॅरी पार्कर या वास्तुविशारदांनी नवा आराखडा केला. लेचवर्थ हे पहिलं उद्याननगर १९०३ मध्ये सुरू झालं, तेही त्यांनीच आखलं होतं. त्याच्यामागची कल्पना एबेनेझर हॉवर्ड यांची. ते पार्लमेंटमधल्या भाषणांचं लघुलेखन करत, आणि १८९८ मध्ये त्यांनी पुस्तक लिहून मांडलं की शहराची सोय आणि गावाची हवा एकाच ठिकाणी मिळाली पाहिजे. ब्रेंटममध्ये दोन धागे एकत्र विणले गेले, सहकाराचा आणि उद्याननगराचा. तुमच्या आसपासच्या होलिओक वॉक, लडलो रोड या पाट्या म्हणजे सहकार चळवळीतल्या माणसांचीच नावं. आणि वसाहतीच्या क्लबात एक मुलगा खेळत मोठा झाला, फ्रेड पेरी, ज्यानं १९३४ पासून सलग तीन वर्षं विम्बल्डन जिंकलं. त्याचे वडीलही सहकार चळवळीतलेच.

शेजारच्या आजी म्हणतात ते खरंच. 'होती' हा शब्दही त्यांनी बरोबर वापरला. तिथे बाहेरच्या भांडवलाचा वाटा मोठा होता. पुढे भाग बाहेरच्यांच्या हातात एकवटले आणि घरं एकेक करून विकली गेली. वसाहतीचं रूप राहिलं, तुमच्यावर कुंपणाचे नियम आहेत ते त्याच्या जपणुकीसाठीच. पण भागीदारी गेली. याची मला मनापासून हळहळ वाटते.

मुंबईत काय घडलं ते आता.

१८९६ मध्ये मांडवीत प्लेग आला आणि सरकारला दाटीच्या वस्तीची भीती वाटू लागली. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. शहरात नवे रस्ते काढायचे, दाट वस्त्या पाडायच्या, उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथे मोकळी जमीन आखून भूखंड पाडायचे आणि ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं द्यायचे, असं काम. पारशी कॉलनी तिथलीच. ट्रस्टमधले अभियंते मंचेरजी जोशी यांनी आपल्या समाजातल्या साध्या नोकरदारांसाठी १०३ भूखंड मिळवले आणि एकेका रस्त्याला एकेका जातीची झाडं लावली. हिंदू कॉलनीच्या गल्ल्या, पाच बगीचे, किंग्ज सर्कल हे सगळं त्या आखणीतलं.

पण जमीन मिळाली तरी कारकून माणसानं तीन मजली इमारत बांधायची कशी? त्याचं उत्तर गावदेवीत सापडलं. श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी आधी, १९०६ मध्ये, सारस्वत समाजातल्या लहान माणसांसाठी शामराव विठ्ठल बँकेची उभारणी केली होती. घरासाठी मात्र कायदा आड येत होता. १९०४च्या कायद्यात फक्त पतसंस्थांची नोंदणी होई. १९१२ मध्ये नवा कायदा आला, तेव्हा दुसऱ्या प्रकारच्या सहकारी संस्थांना दार उघडलं. (म्हैसूर संस्थानाचा कायदा स्वतंत्र, म्हणून बंगळुरूत १९०९ मध्येच एक गृहबांधणी संस्था झाली होती, पण ती भाडेकरू सहभागीदारीची नव्हे.) १९१५ च्या मार्चमध्ये गावदेवीची सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी नोंदली गेली आणि तिनं ईलिंगचीच रीत उचलली. जागा संस्थेची, सभासद भागीदारही आणि भाडेकरूही. ताडदेवची तालमकीवाडी त्यांच्याच नावाची.

एक फरक मात्र पडला. हॉवर्ड यांच्या मनात घराला स्वतःची बाग होती. मुंबईत सुटी घरं परवडणारी नव्हती, तेव्हा उपनगर उभं राहिलं ते तीन मजली ब्लॉकांचं. बाग घराला मिळाली नाही, चौकाला मिळाली. संडास आणि मोरी मात्र घराच्या आत आली. चाळीत राहिलेल्या माणसाला विचारा, ही केवढी मोठी गोष्ट ती.

एक गोष्ट मला खुपते आणि ती सांगायलाच हवी. या संस्था बहुतेक एकेका जातीच्या, एकेका समाजाच्या होत्या. एकमेकांना ओळखणारी माणसं कर्जासाठी एकमेकांना जामीन राहू शकतात, हे खरं. त्याशिवाय त्या उभ्या राहिल्या नसत्या, हेही असेल. पण हवा-उजेड वाटून घ्यायचा तो आपल्याच लोकांत, ही भिंतही तेव्हाच बांधली गेली. २००५ मध्ये एका पारशी गृहसंस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं असा उपविधी वैध ठरवला. कायदा म्हणून निर्णय मान्यच आहे, पण दप्तर तपासताना अर्जावरचा 'नामंजूर' हा शेरा पाहिला की मला वाईट वाटायचं.

आता 'वाया गेलेल्या' जागेबद्दल. इथे थोडं घरचं सांगते.

आमचं घर गिरगावात, चाळीतली एक खोली. खिडकीसमोर हात लांब केला तर शेजारच्या इमारतीची भिंत लागेल असं वाटायचं. दिवसा दिवा लावून अभ्यास. मे महिन्यात आम्ही मामाकडे हिंदू कॉलनीत जायचो. दुपारी मामी चटई टाकायची, आणि मी खिडकीच्या समोरच्या भिंतीशी, खोलीच्या अगदी आतल्या बाजूला पडायचे. तिथून, जमिनीवर आडवं पडून, आकाशाचा एक पट्टा दिसायचा. निळा, मधूनच एखादी घार. घरात झोपून आकाश दिसतं याचं मला सात वर्षांची असताना जे अप्रूप वाटलं ते अजून गेलेलं नाही.

पुष्कळ वर्षांनी, नोकरीत असताना, कळलं की त्या पट्ट्याला आकडा होता. साडेत्रेसष्ट अंश. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१० नंतरच्या वर्षांत हा नियम लावून धरला. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांची तिरपी रेघ वर काढायची. समोरच्या इमारतीचं टोक त्या रेघेच्या वर जाता कामा नये. सोप्या हिशेबात, समोरची भिंत जितकी उंच त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये हवी. चाळीस फूट उंचीला वीस फूट अंतर. तळमजल्यावरच्या माणसालाही उजेड मिळावा म्हणून. प्लेगच्या दिवसांत अंधाऱ्या खोल्यांतून माणसं गेली होती, त्यातून हा आकडा आला.

तेव्हा ती जागा वाया गेलेली नाही. तुमच्या आजोबांनी भागांचे पैसे भरले त्यात तिचीही किंमत होती. एका संस्थेच्या जुन्या इतिवृत्तात मी एक ठराव वाचला होता: बाजूच्या मोकळ्या जागेत मोटारींसाठी शेड बांधून भाड्यानं द्यावी, संस्थेला उत्पन्न होईल. ठराव नामंजूर. खाली सेक्रेटरींनी कारण लिहिलं होतं, एकाच ओळीत: "तळमजल्यावरील सभासदांचा उजेड जाईल." तळमजल्यावर तेव्हा दोनच कुटुंबं होती. वरच्या मजल्यांवरच्या सभासदांनीही त्यांच्या बाजूनं मत दिलं होतं. एका सभासदाला एकच मत, भाग कितीही असोत, हा सहकाराचा नियम. पण त्या दिवशी त्या खोलीत नियमापेक्षा जास्त काहीतरी होतं.

पुनर्विकास करू नका असं मी म्हणत नाही. नव्वद वर्षांच्या इमारतीत गळकं छत आणि लिफ्टशिवाय तीन जिने चढणारे म्हातारे सभासद मी पाहिलेत. फक्त सही करण्याआधी तीन कागद हातात घ्या. एक, संस्थेचे मूळ उपविधी. दोन, जमिनीचा भाडेपट्टा. ट्रस्टच्या जमिनी कुठे ९९ तर कुठे ९९९ वर्षांच्या पट्ट्यानं दिल्या गेल्या, आणि १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला, म्हणून आज तुमची जमीनमालक महापालिका असण्याची शक्यता मोठी आहे आणि तसं असेल तर तिला वगळून काही होणार नाही. तीन, सभासदांची 'आय' नोंदवही. आजोबांचे भाग पुढे कोणाच्या नावे झाले ते तिच्यात दिसेल. नामनिर्देशन झालं म्हणजे मालकी मिळाली असं नाही. नामनिर्देशित माणूस वारसांच्या वतीनं विश्वस्त असतो. तुम्हा भावांचा खरा प्रश्न कदाचित इथे असेल, आणि तो बोलून सुटेल.

विकासकाच्या नकाशावर नव्या इमारतीची उंची आणि शेजारच्या भिंतीपासूनचं अंतर लिहिलेलं असतं. ते दोन आकडे बघा. मग तुमच्या आजच्या इमारतीतलं अंतर टेपनं मोजा, सकाळी, खालच्या मजल्यावरच्या कोणाला तरी सोबत घेऊन. मला तिन्ही आकडे कळवा. पुढच्या अंकात त्यावरूनच लिहीन.

आणि ईलिंगच्या ताई, त्या आजींना विचारा, त्यांच्याकडे 'ईलिंग टेनंट्स'चं जुनं भागपत्र आहे का. असेल तर फोटो पाठवा. माटुंग्याच्या भागपत्राशेजारी ठेवून पाहायचं आहे.