वेताच्या खुर्च्यांसाठी पाच लाखांचं खातं मोडू नका

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून एका ताईंचं पत्र आलंय. घरात आजेसासऱ्यांनी घेतलेल्या चार वेताच्या खुर्च्या आणि एक आरामखुर्ची आहे. तीन खुर्च्यांची आणि आरामखुर्चीची वीण फाटलीय, चौथी नुसती खोलगट झालीय. कारागिराने 48 हजारांचा अंदाज दिलाय: खुर्चीमागे साडेसहा हजार, आरामखुर्चीचे नऊ, पॉलिशचे तेरा. दुसरीकडे एक फर्निचरवाला हे सगळं 14 हजारांना उचलून 85 हजारांचा संखेड्याचा सोफासेट द्यायला तयार आहे. ताईंचा घरखर्च पेन्शनवर चालतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पाच लाख आहेत, तीन वर्षं झालीत. ते काढून काय करू, असा प्रश्न.

ताई, खुर्च्यांचं नंतर बघू. या योजनेतून थोडे पैसे काढता येत नाहीत, बंद करायचं तर अख्खं खातं. दोन वर्षं उलटल्यावर मुदतीआधी बंद केलं तर मुद्दलाचा एक टक्का कापतात, म्हणजे तुमचे 5 हजार. गरज 48 हजारांची, पण कपात पाच लाखांवर! उरलेल्या पैशांचं नवं खातं काढता येईल, पण त्याला त्या दिवशीचा दर लागेल. आज तुम्हाला 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 10,250 रुपये मिळतात आणि तुम्हीच लिहिलंय की ते बचत खात्यात पडून राहतात. मग खुर्च्या त्या व्याजातूनच होऊ देत की.

संखेड्याच्या कामाला मी नावं ठेवणार नाही. कातलेल्या सागवानावरचं ते लाखकाम आपल्या भागाचं भूषण आहे. पण तुम्हाला सोफा हवा होता असं पत्रात कुठेच नाही. जुनं घेणारा दारात आला आणि 71 हजारांचा खर्च उभा राहिला. जुनं न देता, रोख पैशांत तोच सेट कितीला पडतो, हे त्याला एकदा विचाराच. किंमत 85 वरून खाली आली, तर ते 14 हजार कुठून येत होते ते कळेल. (घरात वापरलेलं साधं फर्निचर विकून आलेल्या पैशांवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, ती काळजी नको.)

आता दुरुस्तीचा अंदाज. त्यातलं पॉलिश आधी काढून टाका. त्याने बसायची सोय होत नाही, आणि जुन्या वस्तूंच्या जाणकाराला मूळ पॉलिशच हवं असतं. खोलगट खुर्चीही तूर्त वगळा. वेताची वरची बाजू गुळगुळीत असते, पाणी शोषते ती खालची. म्हणून खुर्ची उलटी करून ओल्या फडक्याने वीण खालून भिजवा, सांधे कोरडे ठेवा, आणि सावलीत पुरती वाळेपर्यंत कोणाला बसू देऊ नका. पट्ट्या तुटलेल्या नसतील तर वाळताना वीण बरीचशी ताणली जाते. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात वेत ठिसूळ होतो, तेव्हा अधूनमधून असं केलेलं बरंच.

मग उरल्या तीन खुर्च्या आणि आरामखुर्ची: 28,500. तीन तिमाह्यांचं व्याज होतं 30,750. बसलं गणित.

मात्र काम देण्याआधी सांगाडा तपासा. लाकडात बारीक भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली, तर कीड जिवंत असण्याचा संभव आहे. आधी तिचा बंदोबस्त, मग वीण. बैठकीच्या चौकटीत ओळीने भोकं असतील तर ती खुर्ची हाताने विणलेली आहे आणि तशीच विणून घ्यायची. काही जण वेळ वाचवायला भोकांवरून खाच पाडून तयार जाळी ठोकतात. ते स्वस्त पडतं, पण जुन्या खुर्चीची किंमत तिथेच संपते. साडेसहा हजारांत हातविणकाम धरलंय की जाळी, आणि वेत खरा की प्लॅस्टिकचा, हे कागदावर लिहून घ्या. जाळीचा भाव हातविणकामापेक्षा बराच कमी असायला हवा.

या खर्चाला गुंतवणूक मात्र म्हणू नका. पुढे या खुर्च्या विकून 28 हजार सुटतील, असं मी धरत नाही. रोज बसायला चार चांगल्या खुर्च्या मिळतात, एवढ्यावरच हा खर्च मला पटतो.

मुलाला आरामखुर्ची कॅनडाला न्यायचीय, असंही लिहिलंय. घरचे म्हणतात ती सयाजीराव महाराजांच्या काळातली. महाराजांची कारकीर्द 1875 ते 1939, त्यामुळे खुर्ची शंभरीच्या अलीकडची की पलीकडची, हे एवढ्यावरून ठरत नाही. 1972च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची अशी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि तसं ठरलं तर ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. जुनी पावती किंवा तारखेचा फोटो शोधा आणि सामान बांधण्याआधी पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या.

आणि कारागिराला चारही नग एकदम नेऊ देऊ नका. पहिली एकच खुर्ची द्या, आगाऊ दोन हजार. ती परत आल्यावर आठवडाभर बसून बघा, मग पुढची.