आईची शिकवणी: रिल्डिया बी क्लायबर्न यांच्याविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात अमेरिकन पियानोवादक व्हॅन क्लायबर्न यांच्यावर एक टिपण छापले होते. वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत ते मुख्यतः आई रिल्डिया बी यांच्याकडेच शिकले, असे एक वाक्य त्यात ओघात आले होते. १९५८ साली त्यांनी जिंकलेल्या मॉस्कोच्या पियानो स्पर्धेविषयी पत्रे येतील अशी आमची अपेक्षा होती, पण बहुतेक पत्रे आली ती या एका वाक्याविषयी. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत.

*प्रश्न: या आई स्वतः रीतसर शिकलेल्या होत्या, की घरात पियानो होता म्हणून मुलाला चार धडे दिले? (एक वाचक, मिरज)*

उत्तर: चार धड्यांपुरती ही गोष्ट मुळीच नव्हती. रिल्डिया बी (माहेरच्या ओब्रायन) यांचा जन्म १८९६ साली टेक्सासमधील मॅक्ग्रेगर या लहानशा गावी झाला. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्या आर्थर फ्रीडहाइम यांच्याकडे शिकल्या. फ्रीडहाइम हे थोर पियानोवादक आणि संगीतकार फ्रान्झ लिस्ट यांचे शिष्य होते आणि काही काळ त्यांचे सचिवही. लिस्ट शिकले पियानोशिक्षक चेर्नी यांच्याकडे आणि चेर्नी शिकले थोर जर्मन संगीतकार बेथोव्हन यांच्याकडे. आपल्याकडे घराण्याची परंपरा सांगताना जशी नावे मोजली जातात, तशी मोजली तर टेक्सासच्या या शिक्षिका बेथोव्हनपासून पाचव्या ठरतात. हा हिशेब थोडा हौसेचा आहे हे मान्य, पण विद्या कोणत्या वाटेने कोठवर पोहोचते, हे त्यातून दिसते.

मुलीने रंगमंचावर बसून मैफली कराव्यात, हे त्यांच्या घरच्यांना मानवणारे नव्हते. त्यामुळे त्या शिकवू लागल्या. लग्नानंतर त्या लुइझियानातील श्रीव्हपोर्ट येथे राहिल्या आणि मुलगा सहा वर्षांचा असताना कुटुंब टेक्सासमधील किलगोर येथे आले. वडील तेल कंपनीत नोकरीला होते. १९३० साली पूर्व टेक्सासात तेल लागले आणि किलगोरचे रूपच पालटले. घरांच्या परसात, दुकानांच्या मागे, मिळेल त्या मोकळ्या जागेत तेलविहिरींचे मनोरे उभे राहिले. अशा गावात, मुलांना शाळेतून घरी आल्यावर पियानोसमोर बसवणाऱ्या या बाई होत्या.

*प्रश्न: मी घरी पेटीच्या शिकवण्या घेते. बाहेरची मुले मुकाट्याने ऐकतात, पण माझा स्वतःचा मुलगा समोर बसला की दहा मिनिटांत वाद सुरू होतो. या बाईंनी चौदा वर्षे हे कसे निभावले? (एक वाचक, कोल्हापूर)*

उत्तर: आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या पहिल्याच धड्यात सापडते. व्हॅन तेव्हा तीन वर्षांचा होता. एक विद्यार्थी शिकवणी संपवून गेला आणि थोड्या वेळाने आतल्या खोलीत असलेल्या आईच्या कानांवर तीच रचना पुन्हा आली. एक हात दुसऱ्या हातावरून ओलांडून नेऊन वाजवायची ती लहानशी रचना होती. विद्यार्थी अजून घरी गेला नाही की काय, असे वाटून त्या बाहेर आल्या, तर पियानोवर आपलाच मुलगा बसलेला. त्या जागी आपल्यापैकी बहुतेकांनी शेजाऱ्यांना हाक मारली असती. त्यांनी त्याला एवढेच सांगितले की, नुसते ऐकून वाजवायचे नाही, आपण काय वाजवतो आहोत हे कळले पाहिजे. त्यानंतर स्वरलिपीपासून रीतसर शिक्षण सुरू झाले. कौतुक झाले नसेल असे नाही, पण ते शिकवणीच्या वेळेत झाले नाही.

हा वेळेचा भेद त्यांनी पुढेही कसोशीने पाळला. शिकवणीला बसल्यावर मी तुझी आई नाही, असे त्या मुलाला बजावत, ही आठवण क्लायबर्न यांनी अनेकदा सांगितली आहे. शिकवणी रोजची होती, शाळेआधी सराव आणि शाळेनंतर पुन्हा सराव. आमच्या मते आपल्या घरातील वादाचे मूळ बहुधा येथेच असावे: बाहेरच्या मुलाला ठरलेली वेळ असते आणि घरच्या मुलाला आपण भाजी चिरताचिरता सूचना देतो. शेगडीजवळून आलेली सूचना मुलाला आईची कटकट वाटते, मग ती संगीताच्या दृष्टीने कितीही अचूक असो.

गायिका मोगूबाई कुर्डीकर, म्हणजे माई, आणि त्यांची कन्या किशोरी आमोणकर यांचे उदाहरण आपल्याला माहीत असेलच. माई स्थायी-अंतरा दोनदाच गाऊन दाखवत, तिसऱ्यांदा नाही, असे किशोरीताई सांगत. रिल्डिया बींच्या स्वभावाची जात इतकी कठोर होती असे दिसत नाही, पण शिकवताना नात्याला बाजूला बसवण्याची रीत दोघींचीही.

त्यांची आणखी एक गोष्ट पेटी शिकवणाऱ्याला उपयोगी पडावी. माणसाचा गळा हे पहिले वाद्य आहे, असे त्या मुलाला सांगत. पियानोचा स्वर हातोडीच्या आघाताने उमटतो आणि उमटल्या क्षणापासून विरत जातो, त्यामुळे दोन स्वर जोडल्याचा भास वादकाला हाताच्या वजनाने आणि बोटांच्या नेमकेपणाने निर्माण करावा लागतो. वाक्य कोठे श्वास घेते हे गळ्याला आधी कळलेले असेल, तर बोटे ती जागा शोधतात. पेटीवर भात्यामुळे स्वर टिकतो खरा, पण श्वासाची जागा तिथेही गाऊनच सापडते. आपल्या मुलाला एखादी ओळ वाजवण्याआधी गाऊन दाखवायला सांगून पाहावे.

*प्रश्न: इतके चांगले चालले होते, तर मुलाला दुसऱ्या गुरूकडे पाठवण्याचे कारण काय? आणि मॉस्कोच्या विजयाचे श्रेय कोणाचे? (एक वाचक, मडगाव)*

उत्तर: बाराव्या वर्षी राज्यपातळीवरची स्पर्धा जिंकून व्हॅनने १९४७ साली ह्यूस्टन सिंफनी वाद्यवृंदासह रशियन संगीतकार चायकोव्हस्कीचा पहिला कंचेर्टो (एकल पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची मोठी रचना) वाजवला होता. किलगोरमध्ये राहून त्यापुढे ऐकायला मोठे वादक नव्हते आणि तुलनेला बरोबरीची मुलेही नव्हती. १९५१ साली तो न्यूयॉर्कच्या जूलियार्ड या संगीतसंस्थेत रोझिना लेव्हिन यांच्याकडे गेला. त्या मॉस्को कॉन्झर्व्हेटरी या संगीत विद्यालयाच्या सुवर्णपदक विजेत्या होत्या. १९५८ साली मॉस्कोत पहिली चायकोव्हस्की स्पर्धा झाली, ती त्याने तेविसाव्या वर्षी जिंकली. शीतयुद्धाच्या ऐन भरात अमेरिकन तरुणाला पहिले पारितोषिक देण्यापूर्वी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांची अनुमती घेण्यात आली होती. परतल्यावर न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून त्याची मिरवणूक निघाली.

श्रेयाची वाटणी करण्यात आम्हाला फारसा रस नाही, पण एक गोष्ट नोंदवतो. अंतिम फेरीत जो चायकोव्हस्की त्याने वाजवला, तो त्याच्या बोटांत आईच्या खोलीत, लेव्हिन यांची भेट होण्याच्या कितीतरी आधी बसलेला होता. त्याच फेरीत त्याने रशियन संगीतकार आणि पियानोवादक रॅचमानिनॉफ यांचा तिसरा कंचेर्टोही वाजवला. रॅचमानिनॉफ १९३२ साली श्रीव्हपोर्टला कार्यक्रमासाठी आले, तेव्हा स्थानिक व्यवस्था पाहणाऱ्यांत रिल्डिया बी होत्या. मुलाचा जन्म त्यानंतर दोन वर्षांनी झाला.

*प्रश्न: म्हणजे पुन्हा तेच. आईने मुलासाठी स्वतःच्या कलेचा त्याग केला आणि नाव मुलाचे झाले. अशा कथा आपण किती काळ कौतुकाने छापणार? (एक वाचक, डोंबिवली)*

उत्तर: आपला राग रास्त आहे, पण तो पडायला हवा वेगळ्या ठिकाणी. सनावळी पाहा. त्यांची मैफलींची वाट बंद झाली ती लग्नाच्याही आधी, घरच्यांच्या इच्छेमुळे. व्हॅन जन्मला तेव्हा त्या सदतीस वर्षांच्या होत्या आणि शिकवण्यात मुरलेल्या होत्या. मुलासाठी त्यांनी काही सोडले असे म्हणणे म्हणजे त्यांच्याकडून जे आधीच काढून घेतले गेले होते, त्याला त्यागाचे सुंदर नाव देणे होय. शिवाय तीन वर्षांच्या व्हॅनला ती रचना ऐकायला मिळाली, ती घरात दुसऱ्यांची मुले शिकायला येत होती म्हणून. किलगोरलाही गावातील मुले त्यांच्याकडे येतच राहिली. ती सगळी काही पियानोवादक झाली नाहीत, आणि शिकवणी घेणाऱ्या कोणालाही त्यात वावगे वाटणार नाही.

पुढे मुलाच्या दौऱ्यांत त्या अनेकदा बरोबर असत आणि उतारवयात त्याच्यासोबत फोर्टवर्थ येथे राहिल्या. तेथेच १९९४ साली, सत्त्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. कोल्हापूरच्या बाईंनी मुलाच्या शिकवणीची वेळ ठरवून पाहिल्यावर काय झाले, ते आम्हाला अवश्य कळवावे.